हितसंबंधी सीताराम

दिल्लीच्या सरकारी खात्यांना अधूनमधून प्रश्न पडतात. मग ती शंभर-शंभर पानांची सल्लापत्रं काढतात आणि शेवटी लिहितात की सर्व हितसंबंधींनी आपापली मतं अमुक तारखेच्या आत कळवावीत. ही मतं मोठ्या कंपन्या कळवतात, त्यांचे वकील कळवतात, शहरांतल्या अभ्यासू संस्था कळवतात. आणि पोलादपूर तालुक्यात, कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून, सीताराम उतेकर कळवतात.

मला हे माहीत आहे, कारण ही मतं मीच टाइप केलेली आहेत. पोलादपूरला एस.टी. स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एके दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि काखेत छत्री अशा थाटात एक सत्तरीतले गृहस्थ आत आले. त्यांनी वर्तमानपत्राचा कपटा पुढे केला.

"बाय, यात म्हनलंय तो दिल्लीचा कागद काडून दे."

मी शोधून बघितलं. "नाना, अहो शंभर पानं आहेत. इंग्रजीत."

"काड. आनी मला मराठीत वाचून दाखव."

दोन दुपारी त्यात गेल्या. वाचता वाचता एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, तिथे त्यांनी मला थांबवलं. स्टेकहोल्डर म्हणजे काय? मी म्हटलं, "हितसंबंधी. म्हणजे ज्याचं त्या गोष्टीत काहीतरी गुंतलेलं असतं, असा माणूस."

नानांनी थोडा विचार केला. "मंग मी हाय," म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पत्राखाली सही यायची ती अशी: 'सीताराम बाळू उतेकर, हितसंबंधी.' बाजारात लोक त्यांना त्याच नावानं चिडवायला लागले. ते चिडायचे नाहीत. "खोटं कुठं हाय?" म्हणायचे.

नानांनी ऐन उमेदीची तीस वर्षं मुंबईत रस्ते खणून टेलिफोनच्या तारा पुरण्यात घालवली होती. "मुंबईच्या पोटात काय काय हाय, ते मला इचार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको मुंबईतच वारली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन वाडीत परतले, तर वाडीत फोनच लागेना. अर्धा तास चढून वरच्या कातळावर गेलं, की तेवढी रेंज मिळायची. वाडीत उरलेली सगळी म्हातारी माणसं. गुडघे धरून कातळावर कोण चढणार? मग नाना रोज सकाळी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत घालून वर जायचे. मुंबईहून कुणाकुणाच्या मुलांचे फोन यायचे ते घ्यायचे, निरोप डोक्यात साठवायचे आणि खाली येऊन घरोघर पोचवायचे.

गॅसची गाडी यायची त्या दिवशी तर मौजच. सिलिंडर देण्याआधी ग्राहकाच्या मोबाइलवर गुप्त आकडा येतो, तो सांगावा लागतो. गाडी खाली वाडीत, मोबाइल वर कातळावर. नाना वरून दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडायचे, "काशेऽऽ! तुजा आकडा, चार सात शून्य नऊ! कुनाला सांगू नको गोऽऽ!" पलीकडच्या डोंगरावर गुरं चारणाऱ्यालाही तो आकडा पाठ व्हायचा.

सल्लापत्रातला प्रश्न कुठलाही असो, नाना तो कातळावर आणून सोडत. एकदा विचारलं होतं, की परदेशातून इंटरनेटवरून येणाऱ्या मालावर, म्हणजे सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर यांवर विकसनशील देशांनी जकात लावावी का? हा माल देशाच्या हद्दीत नेमका कुठे शिरतो असं धरावं? त्यावर नानांनी मला सांगितलेलं उत्तर मी शब्दशः पाठवलं. "आमच्या वाडीची हद्द म्हंजे कातळ. माल तितपर येतो. फुडं मानसाला आनावा लागतो. जकातीचं तुमी ठरवा. हमालाचं कुनी इचारलं नाय, म्हनून कळवतो."

'आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे,' एवढंच उत्तर आलं. नानांनी त्याची रंगीत प्रत मागितली. मूळ पत्रच काळंपांढरं होतं, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

त्यांचं खरं भांडण होतं ते नकाशाशी. आपलं नेटवर्क कुठे कुठे पोचतं याचा नकाशा कंपन्यांनी लोकांसमोर ठेवावा, असा नियम आहे. त्याप्रमाणे एका कंपनीनं नकाशा ठेवला होता. त्यात नानांची वाडी हिरवीगार. म्हणजे नेटवर्क आहे. आणि जिथे नेटवर्क आहे, तिथे सरकारी खर्चानं टॉवर मिळत नाही. तो फक्त नकाशात पांढऱ्या असलेल्या गावांना. त्यामुळे नाना टॉवर मागत नसत. त्यांची मागणी एकच होती. "आमाला पांढरं करा."

कंपनीचा माणूस फोनवर विचारायचा, "सर, आपको नेटवर्क नहीं मिल रहा, तो आप बात कैसे कर रहे हैं?" नाना कातळावर उभे राहून शांतपणे सांगायचे, "चढके आया हूँ." तिकडे तक्रार बंद व्हायची. ग्राहकाशी संपर्क झाला, अर्थात नेटवर्क आहे.

एकदा मात्र बोलावणं आलं. एका सल्लापत्रावर ऑनलाइन खुली चर्चा होती आणि मत कळवलेल्या प्रत्येकाला दोन मिनिटं. नाना माझ्या दुकानात दोन तास आधी येऊन बसले. पडद्यावर टाय लावलेली माणसं होती, त्यांच्यात एका चौकोनात नाना आणि मागे माझं लॅमिनेशनचं यंत्र. कंपनीचे साहेब म्हणाले, की नकाशाप्रमाणे संबंधित भाग हिरवा आहे. नानांची पाळी आली. पहिलं अर्धं मिनिट त्यांचा आवाज बंदच होता, तो मी चालू करीपर्यंत गेलं. मग ते म्हणाले, "सायेब, पावसात आमचा सगळाच डोंगुर हिरवा दिसतो. तुमी नकाशा उन्हाळ्यात काडा."

दोन-तीन जण हसले. वेळ संपला. नाना पडद्याला नमस्कार करून उठले. "हसले म्हंजे समाजलं त्यांना," म्हणाले.

त्याच वर्षी भातलावणीत धोंडू गेला.

धोंडू त्यांचा चुलतभाऊ, शेजारचाच. भर दुपारी बांधावर पाय ठेवला आणि घोणस चावली. त्याला सावलीत निजवून नाना कातळाकडे धावले. पावसानं कातळ शेवाळलेला. दोनदा पडले, गुडघा फुटला, पण वर पोचून त्यांनी रुग्णवाहिका मागवली. पलीकडची बाई पत्ता विचारत होती, जवळची खूण विचारत होती, आणि मधेच फोन कटत होता. तीन वेळा फोन लावल्यावर पत्ता पुरा झाला. पावसात वाडीचा कच्चा रस्ता बंद, म्हणून गाडी कापड्याला येऊन थांबली. झोळी करून वाडीतल्या चार म्हाताऱ्यांनी धोंडूला खाली आणलं. पोलादपूरला पोचेतोवर तो गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.

सुतक फिटल्यावर नाना दुकानात आले. एका नव्या सल्लापत्रावर उत्तर पाठवायची शेवटची तारीख होती. मी नको म्हटलं, तरी बसले. प्रश्न होता ग्रामीण भागातल्या सेवेचा दर्जा कसा मोजावा, असा.

"लिही," म्हणाले. मी बोटं तयार ठेवली. ते समोरच्या एस.टी.कडे बघत होते.

"लिही, धोंडू गेला."

"आणि पुढे?"

"फुडं काय नाय. पाठव."

मी तेवढंच पाठवलं.

सापाची बातमी छापून आली होती, तिच्यामुळे की नानांच्या पत्रांमुळे, ते मला सांगता येणार नाही. पण दिवाळीनंतर जीपमधून माणसं आली, यंत्रं घेऊन वाडीत फिरली, आणि नकाशात वाडी पांढरी झाली. नानांनी त्या नकाशाची प्रत माझ्याकडून नेली आणि धोंडूच्या बायकोला दाखवली. तिनं तो कागद उलटा धरला होता, असं त्यांनीच मला सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या टेकाडावर टॉवर उभा राहिला.

नवा टॉवर फक्त फोर-जीचा, त्यावर जुने मोबाइल चालेनात. तेव्हा नाना सगळ्या वाडीचे फोन घेऊन आले. नवे संच घेतले होते, त्यांत जुने नंबर उतरवायचे होते. मी एकेक फोन बघत काशीआजीच्या फोनपाशी आले. काशीआजी म्हणजे गॅसचा आकडा जिला ओरडून सांगायचे, ती. तिचा एकुलता मुलगा विष्णू मुंबईला असतो आणि आठवड्याला फोन करतो, हे नानांच्याच तोंडून मी कितीदा ऐकलेलं. पण तिच्या जुन्या मोबाइलवर विष्णूचा आलेला एकही फोन दिसेना. गॅसवाल्यांचे होते, जाहिरातींचे होते. मी विष्णूचा नंबर लावून बघितला. कुणीतरी परप्रांतातला माणूस बोलला. तो विष्णू नव्हता, आणि कुणा विष्णूला ओळखतही नव्हता.

"त्यो नंबर कवाच दुसऱ्याला गेला," नाना खाली बघत म्हणाले. "बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. नेमच हाय तसा."

"मग ते दर आठवड्याचे निरोप?"

नाना म्हणाले, "बाकीच्यांना काय ना काय निरोप असायचा. तिला रोज 'काय नाय' किती दिस सांगायचं? एकदा सांगितलं, इष्णू गुडघ्याचं इचारीत होता. तर तिनं च्या केलान. मंग मी सांगत ग्येलो." त्यांना थोडं हसू आलं. "एकदा बोलून बसलो, नात धाव्वी पास झाली. आता पास झाली म्हंजे फुडं शिकवायला नको? तुलाच इचारलं होतं ना मी, नर्सिंगला किती वर्सं लागतात?"

विचारलं होतं खरं.

"नाना, टॉवर आल्यावर हे उघडं पडणार, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत व्हतं की. पर टावर यायलाच पायजे व्हता. माज्या खोट्यापायी दुसरा धोंडू जाऊ दे म्हनू?"

मी काशीआजीच्या नव्या फोनमध्ये विष्णूचा तो नंबरही उतरवून दिला.

महिन्याभरानं म्हाताऱ्यांच्या हयातीचे दाखले करायला मी वाडीत गेले. पूर्वी त्यांना त्यासाठी पोलादपूरला यावं लागे. आता टॉवरमुळे ते काम घरच्या ओटीवर होऊ लागलं होतं. काशीआजीकडे सगळ्यांत शेवटी गेले. तिचं बोट यंत्रावर टेकवून घेतलं आणि सहज विचारलं, "आजी, तुमचा फोन कुठाय?"

तिनं तांदळाच्या डब्याकडे हात केला. फोन बंद करून तांदळात खुपसून ठेवलेला.

"अहो, आता घरात रेंज आहे!"

"म्हायती हाय." तिनं दाराबाहेर एक नजर टाकली. "माजा इष्णू मला आई म्हनायचा, साळंत शिकलेला ना. सीताराम त्याचा निरोप सांगताना म्हनायचा, 'आये, गुडघा कसा हाय?' पयल्याच दिशी समाजलं मला. लेक माजा कुठं हाय, कसा हाय, द्येवाला ठावं."

"मग तुम्ही ऐकून का घ्यायचात?"

"त्याच्या घरी कोन हाय गो? बायको ग्येली. आता धोंडू पन ग्येला. निरोप सांगायच्या निमतानं हितं घडीभर टेकायचा. मी खरं बोलले असते, तर त्यो कुठं बसला असता?" आजीनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. "आता सगळ्यांचे फोन घरात वाजतात. त्याला कुनी बोलवीत नाय. म्हनून मी त्याला सांगून ठेवलंय, माज्या घरात लागत नाय, इष्णूचा निरोप तूच आनून दे."

"आणि नानांनी ते मानलं?"

"त्यो म्हनाला, लागायचाच नाय. भिंती लई जाड हाइत."

मी भिंतीकडे बघितलं. कुडाची भिंत, शेणानं सारवलेली. एका जागी सारवण गळून आतल्या कारवीच्या काठ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या फटीतून समोरचं टेकाड, त्यावरचा टॉवर, त्याचं वर चढणारं लोखंड, सगळं स्पष्ट दिसत होतं. मुंबईत तीस वर्षं तारा पुरलेल्या माणसानं ही भिंत जाड आहे म्हणून सांगितलं होतं.

ओटीवर चपला वाजल्या. नाना आत आले. मला बघून क्षणभर दचकले, मग खाली बसले आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. आजीनं आमच्या तिघांचा चहा गाळला. पहिली कपबशी त्यांच्यापुढे ठेवली.

"काय म्हनत व्हता इष्णू?" तिनं विचारलं.

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतण्यात गुंतले.

"बरा हाय," ते म्हणाले. "नातीला नोकरी लागली. महाडला, दवाखान्यात."

"महाडला? येवढ्या जवळ?" आजी चहा खाली ठेवून त्यांच्याकडे सरकून बसली. "बैस, नीट सांग."