मधल्या सुराच्या मोहिमेची व धाकल्या सरकारांच्या दूधबाटलीची हकीकत

वाचणारांनी चित्त एके ठायी करावे, मोबाइल पालथा घालावा, आणि मग हे कथन घ्यावे. राज्ये उठली, राज्ये बुडाली, त्यांच्या हकिगती लिहिणारे मातबर लोक बहुत जाहले. परंतु एके रविवारी शाळेच्या व्यायामशाळेत जी गायनाची मोहीम जाहली, आणि तीत एका आईने जी शर्थ केली, ती लिहावयास कोणी पुढे येईना, सबब आम्ही कलम धरिली. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास शोभेपुरते.

मोहिमेचे कारण ऐसे. चारपाचशे वर्षांमागे चर्चमध्ये गात असत त्या लॅटिन प्रार्थना, वाद्याचा आधार न घेता, नुसत्या गळ्याच्या बळावर, चार सुरांच्या चार फळ्या करून गाव्या. दिवसभरात शिकाव्या, आणि संध्याकाळी घरच्या माणसांसमोर रुजू कराव्या, असा गायकवृंदाच्या संचालकांचा हुकूम सुटला. संचालक हेच सरलष्कर. मूर्ती उंच, हात लांब, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि बेसूर कानी पडताच डोळे मिटून घेत, जणू कोणी पोटात सुरी घातली. लॅटिन समजणारा फौजेत एकही नव्हता. परंतु न समजता लढणे हा फौजेचा जुनाच रिवाज, त्यामुळे अडले नाही.

मधल्या सुराच्या फळीत मातोश्री होत्या. वय लहान, पदवी मोठी, झोप अपुरी. लग्नाआधी उत्तम गात. मग धाकले सरकार जन्मास आले, आणि तेव्हापासून कोणतेही गाणे दोन ओळींपलीकडे गेले नाही. मध्येच भूक, मध्येच लंगोट, मध्येच विनाकारण रुदन. सबब मातोश्रींनी मनी एकच हेतू धरिला, की एक तरी प्रार्थना आरंभापासून अखेरपर्यंत, मध्ये न उठता, गावी. दौलत नको, कीर्ती नको, एवढेच पुरे. पण धाकल्या सरकारांनी आजवर बाटलीस तोंड म्हणून लावले नव्हते, आणि आईवाचून दूध घेणे हे ते राज्याचा अपमान समजत.

तेव्हा सकाळी दाराशी मसलत जाहली. काढलेल्या दुधाची रसद फ्रिजमध्ये, बाटल्या उकळून ओळीने मांडलेल्या, आणि बाळाचे तीर्थरूप कुडत्यावर दुपटे टाकून सज्ज उभे. मातोश्रींनी दूध किती कोमट, मान कशी धरावी, ढेकर कोणत्या खांद्यावर, हे सांगितले. मग बूट चढवून पुन्हा सांगितले. मग जिन्यातून परत येऊन तिसऱ्यांदा सांगितले.

तीर्थरूप बोलले, "अगं, जा ना आता! मी बाप आहे त्याचा, भाडेकरू नाही."

त्यावर मातोश्रींनी कूच केले. परंतु मन उंबरठ्यातच राहिले, नुसते शरीर बसमध्ये चढले.

व्यायामशाळेत भिंतीला लाकडी शिड्या, छतास लोंबते दोर, खाली रबराचा वास, आणि कोपऱ्यात झाकण लावलेला एक जुना पियानो. फळ्या लागल्या. मातोश्रींच्या उजव्या बाजूस निवृत्त दंतवैद्य बाई होत्या, फळीतील सर्वांत जुन्या. त्यांनी सलामीलाच सांगितले, "चाळीस वर्षं लोकांना 'आ करा' म्हणत आले. आता माझी पाळी. तू नवीन ना? मोबाइलवर बाळाचा फोटो दिसतोय, त्याला कोणाकडे ठेवलंस?"

"त्याच्या बाबांकडे."

"मग इतकी पांढरीफटक का? बाबांकडेच ठेवलंयस, लांडग्याकडे नाही."

मग पहिली स्वारी जाहली. त्या प्रार्थनेत एक बाका प्रसंग होता. इतर तीन फळ्या एकमेकींच्या पाठीस लागून पळतात, एक उतरते तो दुसरी चढते, आणि त्या सर्व गर्दीत मधल्या सुराने एकच स्वर धरून उभे राहायचे, लांबच लांब, जणू ओढ्याच्या मध्ये खुंटा. एवढा दम एका माणसाच्या छातीत नाही. याजवर सरलष्करांनी फर्माविले, की श्वास चोरून घ्यावा. शेजारीण घेईल तेव्हा आपण घेऊ नये. आपण घेऊ तेव्हा शेजारणीने स्वर धरावा. ऐकणारास वाटावे की स्वर तुटलाच नाही. स्वर फळीचा आहे, कोणा एकीचा नव्हे.

सर्वांनी मान डोलाविली. मातोश्रींनीही डोलाविली. परंतु आपण सोडिला तो स्वर दुसरे कोणी सांभाळील, हे त्यांच्या मनास पटेना. डाव्या अंगाची बाई पाण्याची बाटली उघडीत होती, पलीकडची पान उलटीत होती. अशांच्या भरवशावर काय सोडावे? म्हणून मातोश्रींनी श्वास घेतलाच नाही. स्वर धरिला तो धरिलाच. चेहरा गुलाबी जाहला, मग तांबडा जाहला, मग वांग्याचे वळणावर गेला, डोळ्यांपुढे काजवे जमले, आणि खुंट्याचे ठायी खुद्द मातोश्री मटकन खाली बसल्या. खर्जाची फळी हे पाहून भलत्याच ठिकाणी थांबली, आणि सरलष्करांनी डोळे मिटले.

दंतवैद्य बाईंनी वारा घालीत विचारले, "अगं बाई, श्वास का नाही घेतलास? आम्ही काय पितळी समया आहोत इथे?"

"मी थांबले नि स्वर पडला असता तर?"

"पडला तर उचलू! काचेचा आहे का?"

दुसऱ्या स्वारीसही तेच, आणि तिसऱ्या स्वारीस मातोश्रींनी मध्येच श्वास घेतला खरा, पण अर्धामुर्धा, आणि तोही नेमका शेजारणीबरोबर, सबब भर ओढ्यात भोक पडले. सरलष्करांनी पुन्हा डोळे मिटले, या खेपेस बराच वेळ. हा त्यांचा सर्वांत जबर दंड.

इकडे खिशात मोबाइल थरथरू लागला. घरचे पहिले खलिते आले, ते ऐसे: बाटली दाखविली, नाकारिली. थोडे थांबून पुन्हा दाखविली, हाताने उडविली. दूध भिंतीवर. मातोश्रींनी उलट दीर्घ मजकूर लिहून उपाय कळविले, तिकडून उत्तर आले, "हो." इतक्या मोठ्या मजकुरास एवढे त्रोटक उत्तर पूर्वी कोणी दिले नसेल. म्हणून दुपारच्या विसाव्यात, सर्व फौज डबे उघडून बसली असता, मातोश्री कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलत्या जाहल्या.

"काय करतोय?"

"पंखा बघतोय."

"कोण?"

"दोघंही."

"प्यायला का काही?"

"चमच्याने थोडं. अर्धं माझ्या बाहीने प्यायलं. ऐक, तू काळजी करू नकोस, आम्ही संध्याकाळी येतोय ऐकायला."

"इथे? अरे, तो रडेल!"

"मग रडेल. बाकीचे गातील."

या उत्तराने मातोश्रींची जेवणावरची वासना उडाली, आणि डबा तसाच परत मिटला.

मग संध्याकाळ जाहली. खुर्च्या मांडिल्या, घरची माणसे बसली, कोणाचे यजमान, कोणाच्या सुना, कोणाचे शेजारी बळेच आणलेले. तीर्थरूप पिशवीसह आणि धाकल्या सरकारांसह मागील शिडीपाशी येऊन राहिले. सरलष्करांनी लांब हात उचलले, आणि प्रार्थना चालू जाहली. शब्दांचा अर्थ सरलष्करांनी छापील तर्जुम्यावरून सकाळीच सांगितला होता, तो इतकाच, की देवा, आम्हांस शांतता दे.

आणि नेमक्या त्या शब्दावर धाकल्या सरकारांची दृष्टी फळीतल्या आईवर गेली, आणि त्यांनी असा टाहो फोडिला, की तारसुराच्या बाया दचकल्या, छताचे दोर हालल्यासारखे भासले, आणि देवाकडे मागितलेली शांतता वाटेतूनच परत फिरली. पुढे खुंट्याचा स्वर उभा, मागे पोटचा गोळा रडतो. एक पाय फळीबाहेर पडलाही. तो दंतवैद्य बाईंनी गाता गाता, ओठ न मिटता, त्यांचे कोपर धरिले. आणि त्या हातात दात उपटणाराचा जोर होता. मागून तीर्थरूपांनी तळहात वर केला: राहू दे.

मातोश्रींनी पाय आत घेतला. स्वर आला, धरिला. दम सरत आला, छाती जळू लागली, रडे चालूच. आणि मग मातोश्रींनी, आयुष्यात प्रथमच, हातचे सोडिले. श्वास घेतला. भरभरून, अगदी तळापर्यंत, बागेत बसल्यासारखा. आणि काय चमत्कार सांगावा, स्वर तेथेच होता. डावीकडची पाणी पिणारी धरून होती, पलीकडची पान उलटणारी धरून होती. मातोश्री परत आल्या आणि त्यात मिसळल्या, आणि कोणास कळलेदेखील नाही. थोड्याने दंतवैद्य बाई श्वासास गेल्या, तेव्हा मातोश्रींनी त्यांचाही स्वर सांभाळिला.

रडे केव्हा थांबले ते गाताना उमगले नाही. चारी फळ्या अखेरच्या सुरावर येऊन मिळाल्या, सरलष्करांनी हात मिटले, आणि मातोश्रींनी मागे पाहिले. तीर्थरूप शिडीस पाठ लावून डुलत होते. धाकले सरकार बाटली रिकामी करून, तोंड उघडे टाकून, बापाच्या खांद्यावर गाढ निजले होते. मातोश्रींस हर्ष जाहला, आणि हर्षाच्या पाठोपाठ किंचित रागही आला, की माझ्यावाचून इतक्या लवकर? परंतु तो कोणास दाखविला नाही.

टाळ्या वाजवावयास लोकांनी हात उचलले, ते मातोश्रींनी ओठांवर बोट ठेवून जागीच थोपविले. मग सरलष्कर पियानोकडे निघाले. वाद्याविना गाणारांस जुना शाप असा, की गाता गाता सर्व फौज नकळत सुरातून खाली घसरते. किती घसरली हे शेवटी एक पट्टी दाबून पाहावे, हा त्यांचा नेम, आणि त्या एका टणत्कारावर जय किंवा शरमिंदगी ठरे. त्यांनी झाकण उचलले. इतक्यात तारसूर, खर्ज, घरची माणसे, बळेच आणलेले शेजारी, सर्वांनी मिळून त्यांजकडे ऐसे पाहिले, आणि मातोश्रींनी मान ऐशी हालविली, की सरलष्करांनी खाशा हातांनी झाकण अलगद मिटले.

त्यानंतर सर्व फौज बूट हातात घेऊन, खुर्च्या न वाजविता, चवड्यांवर माघारी निघाली.

येणेप्रमाणे प्रार्थना आरंभापासून अखेरपर्यंत गाइली गेली, मातोश्री मध्ये उठल्या नाहीत, आणि फौज किती घसरली हे त्या दिवशी कोणी तपासले नाही. सबब फत्ते निर्विवाद जाहली, ऐसे दफ्तरी दाखल करावे; आणि दाखल करताना शिक्का हळू मारावा.