मशीनची जबानी

उदगीरच्या मोंढ्यात वैजनाथकाकांच्या अडतीवरचा कॉम्प्युटर रोज भर दुपारी मान टाकत होता. त्यात लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घातली होती त्यांच्या दहावीतल्या पुतणीनं, ऋतुजानं, म्हणजे बोल तिलाच.

"शेतकऱ्यांच्या सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या अडकून राहिल्या, पोरी! शनिवारपस्तोर नीट झालं न्हाई, तर तुझं लिनक्स काढून फेकतो."

"मेला कशानं ते कळल्याबिगर डॉक्टर बदलायचा न्हाई, काका!"

ऋतुजानं ओढणी कमरेला खोचली आणि केडंप नावाची सोय बसवली. मशीन मरायला टेकलं की राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरं इवलंसं लिनक्स जागं होणार आणि मरणाऱ्याची जबानी, म्हणजे त्या क्षणी मेमरीत काय चाललं होतं त्याची नोंद, डिस्कवर उतरवून घेणार! पहिल्या दिवशी जबानीचं फोल्डर रिकामं. मेमरी राखायची सूचना दिली होती, पण ती लागू व्हायला मशीन बंद-चालू करायचंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जबानी अर्धवट. हमाल शिवप्पानं नेहमीच्या सवयीनं वायर ओढली होती.

"पडलं की ओढायची, आसंच ठरलंय न्हवं ताई?"

शनिवारी सकाळची शाळा सुटताच ती उज्वलाकाकूबरोबर डबा घेऊन अडतीवर धडकली. स्क्रीन गार. काकांचा हात वायरीवर.

"हात काढा!" ती बोर्डापुढं आडवी उभी राहिली.

"बाजूला हो! गिऱ्हाईक खोळंबलंय."

"मरणाऱ्याला बोलू तर द्या!"

सगळे ताटकळले. मशीन आपसूक चालू झालं. फोल्डरमध्ये अख्खी जबानी! ऋतुजानं शेवटच्या ओळी वाचल्या आणि टाळी वाजवली. "लिनक्स निर्दोष! वायफायचं डोंगल चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, गुन्हेगार हाय."

"हितं कुठलं आलं वायफाय?" काका गरजले.

शिवप्पानं मशीनच्या पाठीमागं बोट दाखवलं. निळा दिवा लुकलुकत होता. "मालक रोज लावतेत की. मोबाईलचं नेट घेतेत."

"भाव बघायला," काका घाईनं म्हणाले.

तेवढ्यात ब्राउझरनं विचारलं, मघाचं पान पुन्हा उघडू का? ऋतुजानं होकार दाबला. पडद्यावर एक सून उंबऱ्यात उभी राहून हमसाहमशी रडायला लागली.

"अवं, ही तर माझी मालिका!" काकू कडाडली. "घरी रडगाणं म्हणून टीव्ही बंद करता, अन् हितं कुणाचा भाव बघताय? सासूचा?"

शिवप्पाला एकाएकी खोकल्याची उबळ आली. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"ऋतुजा, लिनक्स राहू दे बाई," ते पडक्या आवाजात म्हणाले. "ड्रायव्हर तेवढा बदल. सून घर सोडती का न्हाई, रोज नेमकं त्याच जाग्यावर मशीन बंद पडतंय."

काकूनं डब्याचं झाकण उघडलं.

"सोडत न्हाई. बसा, जेवता जेवता सांगते."