टिटवीने पत्ता दिला

एका जंगलात एक टिटवी राहत होती. कुठल्या जंगलात, ते विचारू नका बाळांनो. पत्ता सांगितला की काय होतं, तीच तर ही गोष्ट आहे.

तर त्या जंगलात सिंहाची कंपनी होती. नाव ‘सिंह आणि छावे’. शिकार सिंहिणी करायच्या, वाटणी कोल्हे करायचे, आणि स्वतः सिंह सोमवारी सकाळी टेकडीवर उभा राहून एक गर्जना करायचा. वय झालं होतं. गर्जना नदीपर्यंत पोचायची नाही. म्हणून कंपनीने ‘गर्जना विभाग’ काढला, आणि टिटवीला तिथे नोकरी लागली.

काम सोपं होतं. वर साहेब गरजले की खाली नदीकाठाने उडत ओरडायचं, “साहेब गरजले हो! फार मोठ्यांदा गरजले!” ससे दचकायचे, हरणं माना खाली घालायची, आणि टिटवीला आठवड्याचे किडे मिळायचे. निवडलेले, वाळवलेले, वेळेवर.

विभागाचे प्रमुख तरससाहेब होते. सिंहाने विनोद करायच्या आधीच ते हसायचे. त्यामुळे त्यांना बढती लवकर मिळाली होती. दर वर्षी ते टिटवीला समोर बसवायचे.

“आवाज उत्तम आहे तुझा. फक्त जरा सिंहासारखा यायला हवा.”

“साहेब, मी टिटवी आहे.”

“तेच म्हणतोय मी. तिथे सुधारणेला वाव आहे.”

असं चाललं होतं. आणि मग टिटवीने अंडी घातली. नदीच्या वाळूत, गोट्यांमध्ये, चार.

आता टिटवीची अंडी ही काय चीज असते, ते तुम्हाला सांगायला हवं. त्यांना घरटं नाही, छप्पर नाही. सगळा उघड्यावरचा संसार. पण रंग असा, की शेजारी बसलेल्या बेडकालाही अंडं कुठलं आणि गोटा कुठला ते कळत नाही. शिवाय टिटव्यांच्या कुळात एक रीत आहे. कोणी जवळ आलं की टिटवी अंड्यांपासून चांगली लांब जाते आणि तिथे गळा काढते. येणाऱ्याला वाटतं, एवढी ओरडतेय म्हणजे इथेच घबाड असणार. तो तिकडे जातो. तिकडे काही नसतं. टिटवी ओरडते तिथे अंडी नसतात, हे तिच्या आईने तिला सांगितलं होतं. टिटवीच्या कुळाचा एवढाच वारसा. पण पिढ्यान्‌पिढ्या तो पुरला होता.

टिटवी रजा मागायला गेली.

“रजा?” तरससाहेब हसले. “अंडी घालून झाली ना? मग आता काय उरलं? ती काय पळून जाताहेत का?”

“त्यांना ऊब द्यावी लागते, साहेब.”

“ऊन पडतंय की चांगलं. सोमवारी गर्जना आहे, विसरू नकोस.”

टिटवी घरी आली ती ठरवूनच.

“अहो, मी नोकरी सोडली.”

टिटवा पाठीवर पडून पाय वर करून होता. आभाळ पडलं तर पेलायला कोणीतरी हवं, म्हणून त्याच्या घराण्यात सगळे असेच झोपत. त्याचे पाय किंचित थरथरले.

“अगं, मग किडे?”

“सल्लागार होणार मी. स्वतंत्र. कोणाचा माल कसा ओरडायचा, ते सांगणार. घरी बसून काम, आणि पोरांकडे लक्ष.”

“पण आपल्याला जमेल का?”

“तुम्ही इतकी वर्षं आभाळ पेलताय. त्याचे किडे कोणी दिले तुम्हाला?”

टिटव्याने पाय आणखी ताठ केले. आभाळाचं काम मानद होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

नोकरी सोडून धंदा काढणारे त्या जंगलात याआधीही झाले होते. एका बगळ्याने ध्यानाचे वर्ग काढले होते. विद्यार्थी सगळे मासे. पहिली तुकडी फार मन लावून बसली. दुसरी तुकडी आलीच नाही. पण टिटवीला असले दाखले देण्यात अर्थ नव्हता. धंद्यात उतरणारा दुसऱ्याचं बुडालेलं दुकान बघतो, तेव्हा त्याला फक्त रिकामी झालेली जागा दिसते.

शिवाय काळही अनुकूल होता. नदीकाठच्या करंजावर काजव्यांचं जाळं होतं. काजवा पेटतो नाहीतर विझतो, तिसरं त्याला काही येत नाही. तेवढ्यावर ते काहीही लिहून, काढून दाखवायचे, आणि एका करंजावर पेटलेलं दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचं तिसऱ्यावर, असं पळभरात जंगलभर दिसायचं. शहाणे प्राणी याला डिजिटल म्हणत. दिवेलागण झाली की सगळं जंगल मान वर करून बसायचं. जे आवडेल त्याला शेपटी हलवायची. ज्याच्यासाठी जास्त शेपट्या हलल्या, तो मोठा. पाडसं दूध प्यायची विसरत, आणि त्यांच्या आया पाजायच्या विसरत. त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती.

टिटवीची भवानी साळिंदरशेठने केली. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं दुकान होतं. अंगावरचे गळालेले काटे ते दात कोरायला म्हणून वाघ-बिबट्यांना द्यायचे. माल चोख होता, गिऱ्हाईक नव्हतं. टिटवीने सल्ला दिला, मजकूर दिला, आणि हौसेने काजव्यांसमोर स्वतःच ओरडली, “काटे घ्या काटे! दाढेत अडकलेलं हरीण काढा! चला नदीच्या वळणावर!”

जंगल लोटलं. दुसऱ्या दिवशी शेठ काटे फिसकारून आले.

“बाई, गिऱ्हाईक नदीवर आणि मी टेकडीवर! मी काय करावं? पोहत जाऊ?”

टिटवी चोचीत मारल्यासारखी झाली. तोंडातून नेमका उलटा पत्ता गेला होता. कुळाची सवय, दुसरं काय! ती शरमली. आपण आता शिकलेल्या, सल्लागार झालेल्या टिटव्या. माल जिथे, आवाज तिथे, हेच आपलं ब्रीद. तिने मनाशी शपथ घेतली, की यापुढे पत्ता द्यायचा तर खरा द्यायचा. तिने शेठची जाहिरात सुधारून दिली. मग दुकानात बेताचं गिऱ्हाईक येऊ लागलं.

“आता ठीक,” शेठ म्हणाले. “पण ताई, तुमची स्वतःची पाटी कुठे आहे? धंदेवाल्याने तोंड दाखवावं, घर दाखवावं. गिऱ्हाईकाला घरचं वाटलं पाहिजे.”

टिटवीला ते पटलं. त्या संध्याकाळी करंजावर झळकलं: ‘टिटवी, स्वतंत्र सल्लागार. नदीकाठची वाळू, काळ्या गोट्याच्या डावीकडे. कधीही या.’ खाली चार गोल होते, आणि त्यांच्याकडे एक भलामोठा बाण. बाणाशेजारी लिहिलं होतं: ‘माझी टीम. लवकरच बाहेर येत आहे!’

जंगलभर शेपट्या हलल्या. हत्तीनेसुद्धा आपली हलवली, आणि हत्तीची शेपटी लहान असली तरी तिला वजन असतं.

टिटवा अंड्यांवर बसून ते बघत होता.

“अगं, तो बाण अंड्यांवर आला.”

“अंड्यांवरच काढायला सांगितला होता.”

“पण आपण ती गोट्यांत ठेवतो ना, कळू नये म्हणून?”

“अहो, आता लपवाछपवीचे दिवस गेले. जे आहे ते उघड दाखवायचं. त्याने विश्वास वाढतो.”

बाळांनो, दुकानाचा पत्ता गिऱ्हाईकही विचारतं आणि चोरही विचारतो. दोघेही हसतमुखच येतात. कोण कुठला, ते जाताना कळतं.

पुढचे काही दिवस टिटवीचे सोन्याचे होते. कासव आलं, त्याला घरपोच सेवा सुरू करायची होती. घुबड आलं, त्याला तरुण दिसायचं होतं. टिटवी सल्ला देत होती, किडे मिळत होते, आणि अंड्यांना आतून टकटक सुरू झाली होती. आज-उद्या फुटणार, असं टिटवा चार दिशांना सांगत सुटला होता.

अशाच एका दिवेलागणीला वाळूवर एक पाहुणा उभा राहिला. चकचकीत अंग, लाल डोळे, अदबशीर.

“नमस्कार मॅडम. तुमचं सगळं बघतो मी. अगदी पहिल्यापासून.”

टिटवीची मान ताठ झाली. “आपण?”

“मुंगूसराव. खानपानात असतो.”

“बसा ना. काय सेवा करू आपली?”

“सेवा काही नको.” मुंगूसरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. “टीम बघायची होती.”

टिटवीच्या पोटात आभाळ कोसळलं, आणि ते पेलायला टिटव्याचे पाय मोकळे नव्हते. तो अंड्यांवर बसून डोळे मिटून होता. सल्ला, मजकूर, शेपट्या सगळं तिच्या डोक्यातून उडालं. आईने शिकवलेलं तेवढं उरलं. ती लांब धावत गेली, एक पंख वाळूत लोळवला आणि गळा काढला. “मेले! पंख मोडला! इकडे या हो इकडे!”

मुंगूसराव जागचे हलले नाहीत.

“मॅडम, मोडक्या पंखाचं नाटक माझ्या आजोबांनी पाहिलं, वडिलांनी पाहिलं. दोघे उपाशी गेले. शिवाय पत्ता तुम्हीच दिलाय. काळ्या गोट्याच्या डावीकडे.” आणि त्यांनी टिटव्याला पंजाने हलकेच बाजूला सारलं.

टिटवी उडाली ती थेट करंजावर. “पेटा रे!” ती काजव्यांवर ओरडली. “सगळे पेटा! लिहा: टेकडीमागचं जुनं वारूळ! फुकट! लवकर या, संपत आलंय!”

“काय फुकट?” काजव्यांनी विचारलं.

“ते लिहू नका!”

करंज पेटला. मग दुसरा, मग तिसरा. सगळं जंगल लखलखलं. आणि जंगल उठलं. हरणं उड्या टाकत निघाली, रानडुकरं काटेकुटे मोडत निघाली. एक ससा मुंगूसरावांच्या अगदी नाकासमोरून पळाला. भ्यायलासुद्धा नाही.

मुंगूसरावांचा एक पंजा अंड्यावर होता. त्यांनी मान वळवली.

“काय आहे रे तिकडे?”

“माहीत नाही!” ससा पळता पळता ओरडला. “पण संपत आलंय!”

मुंगूसरावांनी अंड्याकडे पाहिलं. करंजाकडे पाहिलं. पुन्हा अंड्याकडे पाहिलं.

“तुम्ही निवांत करा आपलं,” टिटवी वरून म्हणाली. “ते काही सगळ्यांसाठी नाहीये.”

बस्स. मुंगूसरावांनी पंजा उचलला. “ही कुठे जात नाहीत. येताना घेईन,” असं पुटपुटत ते सुसाट निघाले.

वारुळात काय होतं? काही नव्हतं. मुंग्यासुद्धा ते कधीच सोडून गेल्या होत्या. ससा सर्वांत आधी पोचला. त्याने आत डोकावलं, आणि बाहेर एवढी रांग बघून त्याला मोठी लाज वाटली. एवढा धावत आलो आणि काही नव्हतं, असं सांगणार कसं? तो मिशा पुसत बाहेर आला.

“कसं होतं?” रांगेने विचारलं.

“छान होतं!”

मग हरीण आत गेलं. ससा छान म्हणाला आणि आपल्याला काही दिसलं नाही, म्हणजे आपणच मूर्ख. तेही बाहेर येऊन म्हणालं, “वा, छान होतं!” प्रत्येक जण आत जाई, छान म्हणून बाहेर येई, आणि रांग वाढत जाई. मुंगूसराव रांगेच्या शेपटाला होते. मध्येच त्यांना अंडी आठवत. पण रांग सोडली की नंबर जातो. आणि पुढे फक्त रानडुकरांचं एकच मोठं कुटुंब उरलेलं.

मुंगूसराव नदीवर परतले तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. काळ्या गोट्याच्या डावीकडे नुसती टरफलं होती. टिटवीची पिल्लं अंगाची ओल वाळली की घर सोडतात. ती केव्हाच गवतात पांगली होती.

“टीम?” मुंगूसरावांनी विचारलं.

“फील्डवर गेली,” टिटवी म्हणाली.

मुंगूसराव रागावले नाहीत. “असू दे. आम्हाला तिकडे मिळालं.”

“काय मिळालं?”

मुंगूसराव घुटमळले. मग छाती काढून म्हणाले, “छान होतं.”

दुपारी तरससाहेब स्वतः वाळू तुडवत आले. सिंहाच्या गर्जनेने आजवर जंगल पळालं होतं, पण उलट्या दिशेला. बोलावल्यावर सगळं जंगल धावत आलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

“साहेब म्हणतात, परत ये. लागेल तेवढी रजा घे. पण एक सांग, नक्की काय ठेवलं होतंस वारुळात?”

“काही नाही.”

तरससाहेब आयुष्यात पहिल्यांदा हसले नाहीत. “म्हणजे खर्चही नाही!” ते हळूच म्हणाले.

टिटवी नोकरीवर परत गेली नाही. पण सिंहाला सल्ला देते. मागोमाग साळिंदरशेठही आले. जरा कडेला घेऊन म्हणाले, “ताई, खऱ्या पत्त्यावर दोन-चारच येतात हो. माझी ती आधीची नदीवाली जाहिरात पुन्हा लावता येईल का?”

टिटवीच्या पाटीवर आता नवा पत्ता आहे: टेकडीमागचं जुनं वारूळ. ती तिथे कधीच नसते. बाहेर रांग मात्र नेहमी असते. आणि नदीकाठी, कुठल्याशा गोट्यांमध्ये, टिटवा पुन्हा कशावर तरी बसलेला असतो. विचारलं तर म्हणतो, पाय अवघडले होते, म्हणून जरा टेकलो.

तात्पर्य: नोकरी खुशाल सोडावी, स्वतःचा धंदा करावा, पण गिऱ्हाईकाशी कधी खोटं बोलू नये, असं एक तात्पर्य या जागी ठेवलेलं होतं. तुमच्या आधी आलेले घेऊन गेले. छान होतं म्हणतात.