आर्लीनची हिरवी चकती

पित्ताशयात खडे झाले याचं आर्लीनला फारसं दुःख नव्हतं. दुःख झालं ते ऑपरेशनच्या सकाळी, समोरच्या फळ्यावर आपल्या नावापुढे हिरवी चकती पाहून.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावच्या दवाखान्यात भूल देणारे दोघंच: डॉक्टर व्हिटकोम आणि त्यातलंच शिक्षण घेतलेली नर्स डार्लीन. सकाळच्या कॉफीवर दोघं रुग्ण वाटून घेत. गुंतागुंतीच्या रुग्णाला डॉक्टरांची लाल चकती, बाकीच्यांना डार्लीनची हिरवी. शेजारच्या लाव्हॉनला गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, हृदय नाजूक म्हणून, लाल मिळाली होती आणि चर्चमध्ये ते ऐकलं नाही असं माणूस उरलं नव्हतं.

"म्हणजे मी साधी?" आर्लीनने विचारलं.

"अहो, चांगलंच आहे की! आणि मी झोपवलेलं माणूस अजून कुरकुरत उठलेलं नाही," डार्लीन तोऱ्यात म्हणाली.

"तुझ्याबद्दल नाही गं. पण तळघराचा जिना चढताना मला धाप लागते, ते लिहिलंस का? छातीत धडधडतं. आणि घोरते तर अशी, की खिडक्या हलतात. सांग ना रे, मायलो!"

"हलतात," नवरा सवयीने म्हणाला.

डार्लीनने गंभीर चेहऱ्याने सगळं टिपलं आणि चकती बदलली. आर्लीनने मायलोला त्या लाल चकतीचा फोटोच काढायला लावला.

तेवढ्यात लाव्हॉन भेटायला आली. फळा पाहताच तिने गळा काढला. "अगं बाई, लाल? म्हणजे तुझंही हृदय माझ्यासारखंच! मग जत्रेचे कोलाचे आता तू नको गं करूस. भट्टीची धग सोसायची नाही तुला. माझ्या सुनेला सांगते मी."

सून! डब्यातलं जर्दाळूचं सारण भरणारी! चर्चच्या जत्रेतल्या कोलाच्यांवर, त्या फळांचं सारण भरलेल्या गोड पावांवर, आधी आर्लीनच्या आईचा हात फिरला होता, मग तिचा. ती ताडकन उठून बसली.

"डार्लीन, हिरवी लाव परत!"

"आता ते डॉक्टरांच्या हातात."

डॉक्टर आले, त्यांनी कागद वाचला. "एवढ्या तक्रारी असतील तर मी इथे भूल देणार नाही. आधी ओमाहाच्या मोठ्या इस्पितळात जाऊन हृदय दाखवून या."

"अहो, खोटं बोलले मी!"

"मघाशी की आत्ता? चला, तळघरातून वरच्या मजल्यापर्यंत चढून दाखवा."

दवाखान्याचा मागून उघडा झगा मुठीत धरून आर्लीन निघाली. मागे डॉक्टर, डार्लीन, आणि झगा सावरायला मायलो. वर पोचल्यावर तिने कोलाच्यांचं पीठ कसं मळायचं ते डॉक्टरांना एका दमात ऐकवलं.

"हिरवी," डॉक्टर म्हणाले.

"माझीच होती ती," डार्लीन म्हणाली.

आर्लीनने अभिमानाने मागे वळून पाहिलं. मायलो शेवटच्या पायरीवर बसला होता, पांढराफटक, माशासारखं तोंड उघडून.

"धाप कधीपासून लागते?" डॉक्टरांनी त्याची नाडी धरली.

"तळघराच्या... जिन्यावर... नेहमीच. धडधडतंही."

"आणि घोरतो तर असा," आर्लीनचा आवाज चिरकला, "की खिडक्या हलतात." आपण सकाळी कोणाचं दुखणं सांगत होतो, ते तिला आत्ता कळलं.

डार्लीनने दिलेल्या भुलीतून ती उठली तेव्हा शेजारच्या खाटेवर छातीला तारा लावलेला मायलो होता. वेळेत सापडलं होतं, आता ओमाहाला हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. आर्लीनने हात लांबवून त्याचा हात घट्ट धरला.

त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"तुझी लाल गावातली गं, लाव्हॉन," तो ऐटीत सांगत होता. "मला ओमाहाची लागणार आहे!"