पानामागे बघणारे उत्तमकाका

आमचे शेजारी उत्तमकाका कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी झाडांना भेटतात. तेही समोरून नाही, मागून. पान उलटं करतात, नाकाजवळ नेतात आणि "हूं" म्हणतात. त्या "हूं"चा अर्थ चांगला की वाईट, हे घरच्यांनी श्वास रोखून ओळखायचं.

माझ्या सासूबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. बैठकीत पंधरा-वीस माणसं खाली मान घालून बसलेली. काका आले, फोटोला हात जोडले आणि शेजारच्या मनीप्लांटकडे वळले. खिशातून पांढरा कागद काढला, पानाखाली धरला, पानाला टिचकी मारली, कागदावर भिंग रोखलं आणि जोरात ओरडले, "जित्ते हायेत! पाहा न, चालून राह्यले!"

मामेसासऱ्यांचा चहा धोतरावर सांडला. एक आत्याबाई तर चप्पल न घालताच अंगणात पळाल्या. मी आ वासून उभी! अहो, सुतकाच्या घरात असं कुणी ओरडतं का?

काका मात्र शांत. "लाल कोळी हाय, मॅडम. हे झाड आजच्या आज वेगळं ठेवा."

हा लाल कोळी म्हणजे सुईच्या टोकाएवढा जीव. पानामागे बसून रस पितो. आधी पानावर बारीक पांढरट ठिपके पडतात, मग पान पिवळं होतं, मग जाळी धरते आणि झाड गेलंच समजा. त्याला कोरडी, गरम हवा आणि धूळ फार आवडते. आणि आमच्या वणीत दुसरं आहे काय? कोळशाचे ट्रक दिवसभर धावतात, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं. "धूळ म्हंजे कोळ्याचं माहेर," काका म्हणायचे, "अन् आपण त्याले बारा महिने माहेरपण करून राह्यलो."

काका एकटेच राहतात. मुलगी नागपूरला. घरात चौदा कुंड्या आणि दर चौथ्या दिवशी त्या चौदांची आंघोळ. कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधायची म्हणजे माती सांडत नाही. मग झाड न्हाणीत आडवं करायचं आणि प्रत्येक पान मागून, पाण्याची धार सोडून, बोटांनी चोळून धुवायचं. एकदा काकांकडे नळ गेला तेव्हा मी पाहिलं, त्यांनी स्वतःची आंघोळ रद्द करून बादलीभर पाणी झाडांना दिलं. लग्नाला जायचं होतं हो त्यांना! तसेच गेले.

"चौथ्याच दिवशी कशाला?" मी विचारलं होतं.

"पाण्यानं कोळी जाते, अंडे नाही जात. त्याईचे पिल्लं निंघाले का पुन्हा धुवा. हे काम एका दिवसाचं नोहे, मॅडम, नेमाचं हाय."

कुणी नवीन झाड भेट दिलं तर ते पंधरा दिवस मागच्या खोलीत एकटं. मुलीनं वाढदिवसाला पाठवलेलं झाडही सुटलं नाही. ती फोनवर रागावली तर म्हणाले, "बाई, तुह्यावर भरोसा हाय, नर्सरीवाल्यावर नाही."

आता खरंच चाट पडावं अशी गोष्ट ऐका. हा माणूस तीस वर्षं मारेगावात कृषी केंद्र चालवत होता! फवारणीची औषधं विकत होता! मला हे कळलं तेव्हा विश्वासच बसेना. कारण काकांच्या घरात औषधाची एक बाटली नाही. ढेकणाचं नाही, झुरळाचं नाही. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हांला तर सगळी औषधं पाठ. मारा ना एक फवारा, सुटा." तर असे बघायला लागले, जसं मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं. दुकान का बंद केलं, असं विचारलं की एकच उत्तर, "कंटाळा आला." ज्याला पानं चोळायचा कंटाळा येत नाही, त्याला गल्ल्यावर बसायचा कंटाळा? मला काही पटलं नाही, पण खोदून विचारायची माझी हिंमत झाली नाही.

या मार्चमध्ये मुलीच्या बाळंतपणाला काका दहा दिवस नागपूरला गेले. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "दोन आंघोळी टाळू नोका, मॅडम."

आणि मी नेमक्या दोन्ही टाळल्या. शाळेत परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, वर उन्हानं जीव नकोसा. नवव्या दिवशी दार उघडलं. चौदाच्या चौदा झाडं पिवळी, देठांवर जाळ्या, आणि जाळ्यांवर लाल ठिपके फिरताहेत. आता या माणसाला तोंड कसं दाखवू?

मी रडतच दिलीपना, म्हणजे आमच्या ह्यांना सांगितलं. हे नोकरीला खाणीच्या ऑफिसात असले तरी मूळचे शेतकऱ्याच्या घरातले. म्हणाले, "एवढ्याशा किडीले भेतं काय? उद्या पाह्य, एक कोळी राह्यला तं सांग." दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटरसायकलवर शेतात जाऊन कपाशीचा फवारणी पंप पाठीला बांधून आणला. सोबत अर्धी उरलेली बाटली. शेजाऱ्यांना वास नको म्हणून काकांच्या खोलीची दारं-खिडक्या लावल्या, बाह्या वर केल्या, आणि तोंडाला साधा रुमालही न बांधता त्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन एकरांचा फवारा मारला. आणि मी? मी दाराबाहेर उभी राहून, फटीतून बघत "कोपऱ्यातलं राहिलं" म्हणून सांगत होते. डोक्यावर पडलो होतो दोघंही.

तेवढ्यात रिक्षा थांबली. काका संध्याकाळी यायचे होते, ते दुपारीच आले.

त्यांनी फाटकातच वास घेतला. बॅग हातातून सुटली. मला वाटलं, आता झाडांसाठी आकांत करतील. त्यांनी झाडांकडे बघितलंसुद्धा नाही! धडाधड दार उघडलं, दिलीपना दंडाला धरून अंगणात ओढलं, पंप उतरवला आणि भर गल्लीत त्यांचा शर्ट फाडून काढला. सत्तरीचा माणूस, एवढा जोर आला कुठून? "मॅडम, साबण! पाणी! उभ्या काय राह्यल्या?"

"काका, मले काही झालं नाही हो," दिलीप हसत होते.

"चूप!" काकांनी त्यांना आधी कधी अरे-तुरेसुद्धा केलं नव्हतं. साबण लावून हात, मान, पाठ, कानामागे, सगळं घासत होते आणि स्वतःशीच बोलत होते, "बोंडअळीचं औषध हाय हे. कोळ्याले यानं काय होते? काहीच नाही होत." हाताला पिशवी गुंडाळून त्यांनी ती बाटली उचलली. "डॉक्टरले दाखवा लागते. बसा रिक्षात."

"अहो, पण काही झालं नाही तर..." मी म्हणायला गेले. चौकापर्यंत पोचलो आणि दिलीपना रिक्षातच उलटी झाली. अंग घामानं थबथबलं. म्हणाले, "काका, मले अंधुक दिसून राह्यलं."

सरकारी दवाखान्यात त्यांना आत नेलं. बाहेर बाकावर मी नि काका. मी हुंदके देत होते. काका दाराकडे बघत होते. तसेच बघत बोलले.

"नामदेव. माहा लहान भाऊ. वावरात फवारून सीधा दुकानात आला. बाटली म्याच देल्ली होती. म्हणे, दादा, डोकं गरगर करते, पण मले काही झालं नाही. दुकानात गर्दी होती. म्या म्हटलं, बस थोडा, गिऱ्हाइक होऊ दे, मंग जाऊ." मग म्हणाले, "पोत्यावर टेकून बसला होता. म्या गिऱ्हाइक करत राह्यलो. उठलो तवा तो पोत्यावरच गेला होता."

मी त्यांचा हात धरला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

ऊन उतरल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लहानशीच मुलगी होती, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. म्हणाल्या, "आता धोका नाही. रात्रभर इथंच ठेवू. लगेच धुतलं आणि बाटली आणली, ते फार बरं केलं."

काका उठून उभे राहिले. पोरीसमोर हात जोडले आणि लहान मुलासारखं विचारलं, "म्हंजे... म्या वेळेवर आणलं न, बाई?"

तिला बिचारीला काय ठाऊक! ती म्हणाली, "हो काका. अगदी वेळेवर आणलं."

"पुन्हा एकदा सांगा," काका म्हणाले.