इथिलीनमुक्त हळदीकुंकू

यंदाच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा द्यायचा नाही, असा ठराव बहरीनमधल्या आमच्या मंडळाने एकमताने मंजूर केला. अध्यक्ष विशाखाताईंनी फोनवर नाकात प्लॅस्टिक अडकलेल्या एका कासवाचा व्हिडिओ पाहिला होता. त्या रडल्या, म्हणून आम्हीही रडलो.

हे डबे दरवर्षी मीना सलमान बंदरातल्या एका कारखान्यातून येत. तिथे आमचाच तुकाराम गावडे मशीनवर असतो. मालकाने त्याला बजावले होते: यंदा मंडळाची ऑर्डर आण, नाहीतर व्हिसा रिन्यू होणार नाही.

"वैनी, माका घराक धाडतले ओ," तो विशाखाताईंना म्हणाला.

"तुकाराम, प्रश्न पृथ्वीचा आहे," ताई म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग ताईंचे यजमान राजनराव उठले. ते पेट्रोकेमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "नुसता डबा काय घेऊन बसलात? प्लॅस्टिकच्या मुळाशी इथिलीन वायू आहे," ते म्हणाले. "तोच पॉलिस्टरच्या साडीत, गाडीच्या कूलंटमध्ये, माइकच्या वायरीवर, तुमच्या शाम्पूतसुद्धा!" बायकांनी आपापल्या साड्यांकडे पाहिले. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. सगळ्यावरच बंदी घातली आणि इथिलीन निर्मूलन उपसमिती नेमली.

दुसऱ्या दिवसापासून उपसमितीकडे सवलती मागायला रीघ लागली. श्रेया म्हणाली, "साडी नवीकोरी आहे हो, अजून घडीसुद्धा मोडली नाही." मंजूर. जनाबियाहून ईसा टाउनच्या सभागृहापर्यंत चालत कोण येणार? गाड्यांना सवलत. भाषणे तर व्हायलाच हवीत, म्हणून माइकला सवलत. शाम्पूचा विषय महिलांनी चर्चेलाच येऊ दिला नाही. राजनरावांचा पगार इथिलीनचाच, पण तो 'अपरिहार्य' या सदरात बसला.

बंदी उरली ती एकट्या डब्यावर. शिफ्ट संपवून तुकाराम धावतपळत आला, तोवर उपसमितीचे कामकाज आटोपले होते.

वाण म्हणून पुण्याहून तागाच्या पिशव्या मागवल्या. प्रवासात मळू नयेत म्हणून प्रत्येक पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती. बायका यायच्या आत ती आवरणे सोलून कचऱ्यात टाकली.

कार्यक्रम झकास झाला. त्याच आठवड्यात तुकारामचा व्हिसा खलास, तो मालवणला परतला. वाईट वाटले. माणूस लाखातला होता.

तुम्हालाही आत्ता वाईट वाटतेय ना? वाटणारच. पण त्या दिवशी पिशव्या हातात घेतलेल्या बायकांचा फोटो फेसबुकवर टाकला, तेव्हा खाली 'खूप स्तुत्य उपक्रम' असे लिहिणारे तुम्हीच होतात.