गच्चीवरच्या वाटीत वाढणारं पाणी

"भांडुपमधला गुन्हेगार आज सुखाने झोपत नाही, याचं एकमेव कारण म्हणजे काशीराम मेस्त्री. घारीची नजर, कोल्ह्याची बुद्धी आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षीही स्वतःचे सगळे दात. ज्या प्रकरणात पोलीस हात टेकतात, तिथे काशीराम मेस्त्री हात घालतो."

हा मजकूर माझा नाही. काशीरामभाऊंनी सांगितला, मी उतरवून घेतला. या प्रकरणाची हकिगत मी लिहावी अशी त्यांचीच इच्छा होती. अट एकच, सुरुवात त्यांच्या शब्दांत हवी. ती झाली. आता पुढचं मी माझ्या शब्दांत सांगते.

काशीरामभाऊ सव्वीस वर्षं एका पाइप कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा सुपरवायझर होते. त्या सव्वीस वर्षांत एकही पाइप चोरीला गेला नाही, हे ते भेटेल त्याला सांगतात. एक पाइप वीस फूट लांब होता आणि चार माणसांनाही हलत नसे, हे सांगायचं राहून जातं. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या सोसायटीत खासगी तपासाचा उद्योग सुरू केला. आजवर त्यांनी चपलाचोरीची तीन प्रकरणं हाताळली. त्यातल्या दोन चपला आपोआप सापडल्या.

मी रत्नप्रभा ओव्हाळ. पालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता दर मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये दहा दिवसांचं विज्ञान शिबिर घेते. मुलं लिंबावर दिवा पेटवतात, पुठ्ठ्याची दुर्बीण करतात, फुगे फोडतात. फुगे फोडण्यात विज्ञान थोडं कमी असतं, पण हजेरी चांगली राहते.

यंदा दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी आम्ही बाष्पीभवनाचा प्रयोग मांडला. चौदा मुलं, चौदा भांडी. कोणी वाटी आणली, कोणी ताटली, कोणी आइस्क्रीमचा डबा. प्रत्येकाने त्यात पाणी घालून, पट्टीने उंची मोजून, भांडं गच्चीवर उन्हात ठेवलं. रोज सकाळी दहा वाजता वर जायचं, पाणी किती उरलं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. रविवारी प्रदर्शन. ज्याचा त्याचा तक्ता भिंतीवर आणि समोर आईवडील.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर संपते. त्यामुळे मुलांबरोबर वर दीप्ती जायची. दीप्ती कॉलेजात शिकते. स्वभावाने गोड आहे. गच्चीवर गेल्यावर ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहून मोबाइलचं निरीक्षण करायची.

मंगळवारी मुलं खाली आली. वह्यांत सगळ्यांचं पाणी कमी झालं होतं. कोणाचं अर्धा सेंटिमीटर, कोणाचं पाऊण. चैतन्यचे आकडे तर इतके सुबक की मी त्याच्या वहीत 'छान' लिहिलं.

सपनाची वही वेगळी होती.

"सोमवारी चार सेंटिमीटर," मी वाचलं. "मंगळवारी साडेचार. सपना, हे उलटं लिहिलंयस का?"

"नाही बाई. वाढलंय."

वर्गात हशा पिकला. चैतन्य म्हणाला, "बाई, हिच्या वाटीत बोअरवेल लागली!"

सपना हसली नाही. ही मागच्या चाळीतली मुलगी, अकरा वर्षांची. बोलते कमी, पट्टीवर डोळा टेकवून मोजते. "मी दोनदा मोजलं," ती म्हणाली. "साडेचारच आहे."

बुधवारीही साडेचार. आता हसण्याच्या जागी कुजबुज सुरू झाली. सोसायटीचे सेक्रेटरी हर्षद हॉलची चावी द्यायला आले होते, त्यांच्या कानावर गेलं. "मुलगी स्वतःच पाणी ओतत असेल," ते म्हणाले. "नाहीतर मनाने लिहितेय. बाई, रविवारी नगरसेवक येणार आहेत. त्यांच्यासमोर उन्हात पाणी वाढतं असा तक्ता लावला तर आपली वाट लागेल. खोटं लिहिणाऱ्या मुलीचा तक्ता भिंतीवर नको."

"खोटं आहे हे ठरलं कधी?" मी विचारलं.

"मग खरं काय ते शोधा."

दारात खाकरण्याचा आवाज आला. काशीरामभाऊ उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि तो हॉलमध्ये आल्यावरही त्यांनी काढला नाही, म्हणून आधी टेबलावर आदळले.

"प्रकरण माझ्याकडे द्या," ते टेबलाला उद्देशून म्हणाले. "आणि ओव्हाळबाई, तुम्ही माझ्या सहायक."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी माझ्या हातात वही दिली होती.

पहिला सिद्धांत दहा मिनिटांत तयार झाला. पाण्याची टाकी गळते आणि पाणी उडून वाटीत पडतं. टाकी वाटीपासून तीस फुटांवर आहे, हे दीप्तीने सांगितलं. "म्हणजे जोरात गळते," काशीरामभाऊ म्हणाले.

दुसरा सिद्धांत समोरच्या इमारतीतल्या रोबोटिक्स वर्गावर होता. त्यांच्याकडे ड्रोन आहे. आपलं शिबिर बदनाम करायला ते ड्रोनने पाणी सोडतात. ते स्वतः त्या वर्गात जाऊन आले. ड्रोन तळहाताएवढा निघाला आणि तो पंख्यात अडकून तुटला होता. तिथल्या मुलांनी काशीरामभाऊंनाच स्टुलावर चढवून तो काढून घेतला.

तिसऱ्या सिद्धांताने मात्र ते स्वतःच भारावून गेले.

"कावळा!" ते म्हणाले. "कावळा भांड्यात खडे टाकतो. खडे पडले की पाणी वर येतं. हे लहान मूलसुद्धा सांगेल."

"पण आजोबा," सपना हळूच म्हणाली, "वाटीत खडे नाहीत."

काशीरामभाऊंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे पुरावा नष्ट केला. सराईत कावळा दिसतो."

सपना पहिल्यांदाच हसली. मग लगेच गंभीर झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, रविवारी माझा तक्ता लावणार ना? बाबांनी ड्यूटी बदलून घेतलीय. ते कधीच सुट्टी घेत नाहीत."

"लावू," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण हॉलची चावी हर्षदकडे होती.

गुरुवारी काशीरामभाऊंनी पहारा द्यायचं ठरवलं. गच्चीला एकच दार. सकाळी साडेसात ते दहा, दाराबाहेरच्या पायरीवर ते बसून राहिले. समोर वर्तमानपत्र, त्याला मधोमध भोक. वर्तमानपत्र तीन दिवसांपूर्वीचं होतं, कारण आजच्यात त्यांना कोडं सोडवायचं होतं.

दहा वाजता मुलं वर गेली. पाव तासाने खाली आली.

"साडेचार," सपना म्हणाली.

मागोमाग काशीरामभाऊ आले. चेहऱ्यावर न्यायाधीशाचं गांभीर्य. नेमके हर्षदही तिथे होते.

"लिहा बाई," काशीरामभाऊ म्हणाले. "साडेसात ते दहा, गच्चीवर कोणीही गेलं नाही. माझी नोंद आहे. मी सव्वीस वर्षं नोंदी केल्यात, एक चुकलेली नाही. कोणी गेलं नाही, म्हणजे पाणी कोणी घातलं नाही. पाणी कोणी घातलं नाही, म्हणजे पाणी वाढलं नाही. पाणी वाढलं नाही, म्हणजे…" ते थांबले. सपनाकडे बघून त्यांचा आवाज जरा खाली आला. "म्हणजे पोरगी चुकीचं लिहितेय."

"झालं," हर्षद म्हणाले. "तक्ता नको."

सपनाने वही छातीशी धरली. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. मला वाटलं ती आता घरी जाईल. तेहतीस वर्षांत मी असे बरेच चेहरे पाहिलेत. त्यातले काही पुन्हा विज्ञानाच्या तासाला मान वर करत नाहीत.

"बाई," ती म्हणाली, "निळी शाई आहे?"

"आहे. कशाला?"

"वाटीत घालते. तेवढ्याच पाण्यात तेवढीच शाई घालून एक बाटली झाकण लावून इथे कपाटात ठेवते. वाटीत कोणी पाणी घातलं नाही तर नुसतं ऊन लागून पाणी कमी होईल, म्हणजे निळा रंग बाटलीपेक्षा गडद होईल. पाणी घातलं असेल तर फिका होईल. मग मी खोटं लिहिलं की नाही ते रंगच सांगेल."

मी खुर्चीत बसले. गुडघ्यामुळे नाही. असा प्रयोग सुचायला माझ्याबरोबरच्या काही शिक्षकांनाही अख्खी नोकरी पुरली नव्हती.

"ड्रॉपरने घाल," एवढंच मी म्हणाले. "थेंब मोज."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी फळ्यावर तारीख लिहीत होते. तेवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं. पदर खोचलेल्या जयावहिनी आत आल्या. काशीरामभाऊंच्या पत्नी, राहणार तिसरा मजला, मूळ गाव मालवणजवळ. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हाताला निळी शाई लागलेली.

"माझ्या चिमण्यांच्या पाण्यात शाई कोणी ओतल्यान, ता आधी सांगा!"

मुलांच्या माना सपनाकडे वळल्या.

"बिचारी चिमणी वाटीच्या काठार बसली, बघल्यान, आणि तशीच गेली उडान. निळा पाणी कोण पिता? मी सगळा ओतून टाकलंय आणि नवीन भरलंय. पण ह्यां करूक लाज नाय वाटली?"

"वहिनी," मी सावकाश विचारलं, "तुम्ही वाट्यांमध्ये रोज पाणी घालता?"

"मग? उन्हाळ्यात पाखरांक पाणी नको? आधी माझी दोनच भांडी होती. मंगळवारी वर गेलंय तर ही चौदा! माका इतका बरा वाटला. म्हटलंय, ओव्हाळबाईंनी पोरांका काय चांगला शिकवल्यानी. तेव्हापासून सगळी भरतंय. एकय सुकी ठेवूक नाय."

"काल सकाळीसुद्धा?"

"रोज आठ वाजता. बादली हे आणतत वरपर्यंत, माझ्यान उचलत नाय."

चौदा मुलं, दीप्ती आणि मी, सगळ्यांनी एकदम काशीरामभाऊंकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे पाळतीला बसले होते. काळा चष्मा हळूहळू नाकावरून घसरत होता.

"भाऊ," मी म्हणाले, "काल तुम्ही लिहिलंत, कोणीही गेलं नाही."

"गेलंच नव्हतं. ही गेली होती."

"आणि मी कोण?" जयावहिनींनी विचारलं.

"तू घरची! घरच्या माणसांची नोंद करत नाहीत. कारखान्यात मालकाची बायको आत गेली तर आम्ही कधी रजिस्टरमध्ये लिहायचो? उभं राहून सलाम ठोकायचो. नियमच होता तो."

"काल सलाम ठोकलात?" दीप्तीने विचारलं.

"बादली धरली होती ना हातात."

मुलांचा हास्यकल्लोळ चाळीपर्यंत गेला असेल. सपना मात्र हसत नव्हती. कपाळाला आठी घालून काहीतरी मोजत होती.

"आजी," तिने विचारलं, "तुम्ही सगळ्याच वाट्या भरता?"

"सगळ्यो. तुझी एकटीची कशाक?"

"मग…" तिने वर्गाकडे बघितलं. तिची नजर बाकीच्या तेरा वह्यांवरून फिरली. मला कळलं, आणि लाज वाटली ती मला वाटली.

मी काठी घेतली, दीप्तीचा खांदा धरला आणि शिबिर सुरू झाल्यापासून पहिल्यांदा गच्चीवर गेले. चौदा भांडी, चौदाही काठोकाठ. चैतन्यच्या डब्यातलं पाणी तर उन्हात आरशासारखं चमकत होतं.

"चैतन्य," मी म्हटलं, "तुझ्या वहीत काल दोन सेंटिमीटर आहे."

तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. "बाई, पाणी कमी होतं असं पुस्तकात आहे. मला वाटलं माझंच चुकतंय. म्हणून दादाच्या मागच्या वर्षीच्या वहीतून घेतलं."

"आणि आम्ही चैतन्यच्या, थोडं बदलून," मागून बाकीच्यांचे आवाज आले.

मी ओरडले नाही. कोणत्या तोंडाने ओरडणार? त्या आकड्यांवर 'छान' मीच लिहिलं होतं. "तेरा वह्यांत पुस्तक आहे," मी म्हणाले, "आणि एका वहीत गच्ची आहे. आपण प्रयोग गच्चीवर केला होता." मग तिथेच उभी राहून चैतन्यच्या वहीतलं 'छान' खोडलं आणि तोच शेरा लिहायला सपनाची वही मागून घेतली.

"अगं, पण आता काय लिहू?" चैतन्यने सपनाला विचारलं. "वाट लागली यार."

"पुन्हा मांडायचं," ती म्हणाली. "अजून दोन दिवस आहेत. ये, तुला पट्टी कशी धरायची दाखवते. तू वरून बघतोस, म्हणून चुकतं. डोळा पाण्याच्या रेषेत हवा."

चिमण्यांची भांडी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. जयावहिनींनी मुलांच्या भांड्यांपासून लांब राहायचं कबूल केलं, पण प्रत्येक वेळी जाताना त्यांच्याकडे कळवळून बघायच्या.

रविवारी हॉल भरला. सपनाचे वडील खंडू ड्यूटीचा शर्ट घालूनच आले होते. हर्षदनी सपनाचा तक्ता स्वतःच्या हाताने लावला. जरा वाकडा लागला, पण लागला. वरच्या अर्ध्या भागात सोमवारपासूनचे जुने सगळे आकडे होते, एकही खोडलेला नाही. खालच्या अर्ध्यात दोन दिवसांचे नवे, उतरते आकडे. आणि तळाशी ठळक अक्षरांत:

'बाष्पीभवनावर परिणाम करणाऱ्या गोष्टी: ऊन, वारा, भांड्याचं तोंड, जया आजी.'

खंडूंनी ते दोनदा वाचलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच उभे राहिले. पुढच्या तक्त्यांकडे गेलेच नाहीत.

काशीरामभाऊ मात्र नाराज दिसले. "प्रकरण सुटलं," ते म्हणाले, "आणि तक्त्यावर माझं नाव कुठेच नाही?"

सपनाने खिशातून पेन काढलं. क्षणभर विचार केला. मग 'जया आजी' या शब्दांपुढे, छोट्या पण स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बादली: काशीराम आजोबा.'

काशीरामभाऊंनी चष्मा काढून ते वाचलं, छाती पुढे काढली आणि नगरसेवकांना हाताला धरून तक्त्यासमोर आणलं.